यादीऐवजी एक राग

ठाणे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेल्या चार अल्बमांपैकी दोन मी सबंध ऐकले, एकही गाणे पुढे न ढकलता आणि मूळ क्रमाने. अमेरिकी गायिका बिली आयलिशच्या २०१९ च्या अल्बमविषयी माझ्या मनात थोडी अढी होती, कारण कुजबुजल्यासारखे गाणे मला सहसा रुचत नाही. परंतु घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत, बसमध्ये इयरफोन लावून ऐकताना त्या कुजबुजीचे प्रयोजन ध्यानात आले. तिने आणि तिच्या भावाने लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरी, निजायच्या खोलीत केलेले हे काम आहे आणि माईक तोंडाच्या इतका जवळ आहे की घेतलेला श्वाससुद्धा गाण्याचा भाग होतो. संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. या मुलीला तो फक्त एका कानापर्यंत पोचवायचा आहे. ठेके मात्र मला एकसुरी वाटले, आणि या मतावर मी ठाम आहे.

‘शक्ती’ या फ्युजन वाद्यवृंदाचा २०२३ चा ‘धिस मोमेंट’ तर मी पुन्हा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन गेल्यापासून त्यांचा तबला मी मुद्दाम लावत नव्हते, तो तुझ्यामुळे पुन्हा घरात वाजला.

तू माझ्या आवडीची यादी मागितली आहेस. ती मी देणार नाही. शास्त्रीय संगीतातल्या थोर नावांची यादी हाती आली की माणूस प्रत्येक नावाला नमस्कार करून पुढे जातो आणि ऐकणे राहूनच जाते. त्याऐवजी एकच राग देते, अहिरभैरव, आणि तोही अशा क्रमाने की पहिली पायरी तुझ्या ओळखीची असेल. ‘शक्ती’मध्ये जो गळा तुला आवडला, त्या शंकर महादेवन यांनीच १९९९ च्या ‘हम दिल दे चुके सनम’मध्ये सुलतान खाँ आणि कविता कृष्णमूर्ती यांच्याबरोबर ‘अलबेला सजन आयो रे’ गायले आहे. ही या रागातली प्रसिद्ध बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना आहे. तुझ्या लहानपणी ती आपल्याकडे रेडिओवर सारखी लागत असे, त्यामुळे सूर तुझ्या कानात आधीच आहेत.

त्यानंतर १९६३ या एकाच सालातल्या दोन गोष्टी ऐक. सचिनदेव बर्मन यांनी मन्ना डे यांच्याकडून गाऊन घेतलेले ‘पूछो ना कैसे मैंने रैन बिताई’ आणि ‘मंदारमाला’ नाटकातले ‘जय शंकरा गंगाधरा’. पहिल्यात रात्रभर जागलेल्या माणसाची व्याकुळता आहे, तर दुसऱ्यात राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची अशी जुगलबंदी आहे की एकाची तान संपण्याआधी दुसऱ्याची अंगावर येते. स्वर मात्र दोन्हीकडे तेच आहेत: रिषभ (रे) आणि निषाद (नी) कोमल, म्हणजे थोडे खाली उतरलेले, बाकी सारे शुद्ध. खालच्या अर्ध्या सप्तकात भैरव हा राग आणि वरच्या अर्ध्यात काफी हा राग, अशी या रागाची घडण आहे. (रामभाऊ मराठे आपल्या ठाण्याचे. महापालिका त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते, आणि त्या दिवसांत तू इथे असलास तर तुला घेऊन जाण्याचा माझा बेत आहे.)

आता ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून सांगणारा हा १९६७ चा अल्बम आहे, आणि त्याची पहाट अहिरभैरवात उजाडते. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार हा मेळ त्या काळी अगदी नवा होता. यात एकच गोष्ट बारकाईने ऐक. अहिरभैरवाचा कोमल रिषभ स्थिर उभा राहत नाही, तो हलका झुलतो. त्यालाच आंदोलन म्हणतात. संतूरच्या तारांवर कलमांनी, म्हणजे छोट्या लाकडी काड्यांनी, आघात करायचा असतो, त्यामुळे गळ्यासारखे स्वर ओढणे तिथे अवघड जाते, आणि वादकाला तो झुलाव्याचा भास आघातांतूनच निर्माण करावा लागतो. बासरी मात्र तो रिषभ सहज झुलवते. दोघांचा रिषभ लागोपाठ ऐकलास तर राग म्हणजे नुसते आरोह-अवरोह नव्हेत, हे मी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

एवढे झाल्यावरच विलंबित ख्यालाकडे, म्हणजे अगदी संथ लयीतल्या रागगायनाकडे वळ. गायक कोणता, हे मुद्दाम लिहीत नाही, तू शोध. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिटापर्यंतही लांबते, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत काहीच घडत नाही असे तुला वाटेल. त्या वेळी फोनवरची पट्टी पुढे सरकवू नकोस. गायक रिषभावर येऊन परत षड्जाकडे (सा) जातो, मग थोडा अधिक वर जाऊन पुन्हा खाली उतरतो, आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना दर वेळी वेगळ्या वाटेने येतो. गंधार-मध्यमापर्यंत (ग-म) पोचायला त्याला जो वेळ लागतो, तेवढ्यात तुझ्या यादीतली तीन गाणी संपतील. शक्यतो सकाळी ऐक, कारण हा राग सकाळचा. पण वसतिगृहात ते जमणार नसेल तर रात्री ऐकलेस तरी मी रागावणार नाही, तुझ्या आजोबांनी मात्र भुवई उंचावली असती.

उरलेल्या दोन अल्बमांविषयी पुढच्या पत्रात लिहीन. त्यांपैकी दुसऱ्याची पहिली दोन गाणी ऐकली, ढोलांच्या गदारोळात गायिकेचे शब्दच कळेनात. ते शब्द असतील तर पाठव, म्हणजे मत देण्याआधी एकदा नीट ऐकता येईल.

तुझी,
आई