मंत्रिमहोदय, आधी टाकीचं वजन करा

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका चाळीत मोठ्या सिलिंडरमधून छोट्या टाकीत गॅस भरताना आग लागली. दुसऱ्या दिवशी पथक आलं आणि रस्त्यावरच्या शेगडी दुरुस्तीच्या दुकानांतून रेग्युलेटर, पाईप, बर्नर आणि पानेसुद्धा गोणीत भरून घेऊन गेलं. जे खरंच गॅस भरून देतात त्यांची शटरं दोन दिवस खाली होती, तिसऱ्या दिवशी वर गेली. आम्ही शेगड्या दुरुस्त करतो, गॅस भरत नाही. हा फरक आपल्या पथकाला कळत नाही, म्हणून तो इथे लिहून देतो. पुढच्या छाप्याला उपयोगी पडेल.

घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या तोंडाशी आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. मधली पिन दाबली की तो उघडतो, सोडली की आतली स्प्रिंग त्याला बंद करते. रेग्युलेटर दोन कामं करतो. ती पिन दाबतो, आणि आतला चौरस सेंटिमीटरला पाच-सहा किलोचा दाब ३० ग्रॅमवर आणून शेगडीला देतो. म्हणजे दाब जवळपास दोनशे पटीनं खाली येतो. रिफिलिंगवाल्याच्या धंद्यात रेग्युलेटरला जागाच नाही. त्याच्याकडे पिन दाबणारं नोझल, जाड पाईप आणि वजनकाटा असतो. काहींकडे मोटार असते. साहेब, शोधायचं तर हे शोधा. रेग्युलेटरनं कुणी गॅस भरत नाही.

मोठा सिलिंडर उलटा टेकवला की वाफेऐवजी पातळ गॅस खाली उतरतो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की धार थांबते, आणि अपघात बहुतेक इथूनच सुरू होतात. थांबलेली धार पुन्हा चालू करायला कुणी छोट्या टाकीतली वाफ खोलीतच सोडतो, कुणी वरच्या सिलिंडरवर उकळतं पाणी ओततो, कुणी मोटारीचं बटण दाबतो. पातळ गॅसच्या एका लिटरची साधारण अडीचशे लिटर वाफ होते. ती हवेपेक्षा जड असल्यानं खिडकी उघडी ठेवली तरी फरशीवर साचून राहते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळली की पेटायला तयार. दहा बाय दहाच्या, आठ फूट उंचीच्या खोलीचा हिशेब केला तर सगळी खोली पेटण्याजोगी व्हायला किलोभर गॅस पुरतो. आणि तो सारखा पसरत नसल्यामुळे जमिनीलगत त्याच्या कितीतरी कमी गॅसमध्ये भागतं. ठिणगी द्यायला फ्रिजचा थर्मोस्टॅट आहे, लाईटचं बटण आहे, ती मोटार तर आहेच. बातमीत ‘सिलिंडरचा स्फोट’ छापून येतं. पुष्कळदा सिलिंडर आख्खा सापडतो, फुटलेली असते ती खोली.

आता वजनाचं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ३३.३ लिटर पाणी मावतं, पण पातळ गॅस भरतात सव्वीस लिटरच्या आसपास. वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, कारण तापमान १५ अंशांवरून ५० वर गेलं तर हा द्रव दहा टक्क्यांच्या आसपास फुगतो. पाच किलोच्या टाकीची क्षमता सुमारे १२ लिटर. तिच्यात साडेसहा किलो कोंबला की ती काठोकाठ भरली, फुगायला जागा उरली नाही. पुढे पत्र्याखाली दुपार झाली की द्रव थेट पोलादाला रेटतो. नियमाप्रमाणे बनलेला सिलिंडर २५ किलोच्या दाबाला तपासलेला असतो. बाजारात मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या दोन-तीन किलोच्या टाक्या किती दाबाला तपासल्या, हे त्या विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. वर त्याच टाकीच्या डोक्यावर बर्नर बसवलेला, मध्ये रेग्युलेटर नाही. म्हणजे भात शिजतो तो पूर्ण दाबावर. या टाक्या भांड्यांच्या दुकानांत दर्शनी भागात टांगलेल्या असतात. तिथे छापा पडल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

धोका छोट्या टाकीपाशी संपत नाही. खडबडीत नोझल वारंवार खुपसल्यानं मोठ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधली रबरी ओ-रिंग फाटते, पिन वाकते. तोच सिलिंडर पुढे एखाद्या घरात जातो. मग बाई आमच्याकडे शेगडी घेऊन येते, ‘वास येतो’ म्हणते, आणि शेगडीत काहीच बिघाड नसतो. नवा सिलिंडर जोडण्याआधी ओ-रिंग जागेवर आहे का पाहा, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, बुडबुडे आले तर १९०६ ला फोन करा, एवढं आम्ही ज्याला त्याला फुकट सांगतो. ते सांगणाऱ्यांचीच दुकानं आपण रिकामी केलीत. आमची हत्यारं पोलीस ठाण्यात, दुकानाचं भाडं चालू, आणि गिऱ्हाईक आमच्याकडे चोरासारखं बघतं. पंचनाम्यात आमच्या पान्यांना ‘रिफिलिंगचे साहित्य’ म्हटलं आहे. लिहिणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला दाद द्यावी लागेल.

लोक छोटी टाकी भरून घेतात ते हौसेनं नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठेही जा. एका खोलीत चार-पाच पोरं, घरमालक भाडेकरार करून देत नाही, करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून गॅसचं कनेक्शन नाही. उज्ज्वला योजना गरीब घरातल्या बाईच्या नावावर आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२१ मध्ये, स्थलांतरितांना स्वयंघोषणापत्राची सवलत दिली हे चांगलंच केलं. पण कारखान्यातला एकटा पोरगा तिच्यात बसत नाही. त्याच्यासाठी पाच किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर आहे, फक्त ओळखपत्रावर मिळणारा. ऑक्टोबर २०१३ मध्ये ही विक्री पेट्रोल पंपांवर सुरू झाली, पुढे तेल कंपन्यांनी त्याला ‘छोटू’, ‘अप्पू’ अशी लाडकी नावंही ठेवली. नाव ठेवलं, बारसं झालं, बाळ मात्र पंपावर दिसत नाही. विचारलं तर ‘स्टॉक नाही’. मिळाला तर त्यावर १८ टक्के जीएसटी, घरगुती सिलिंडरवर ५. एकट्यानं राहणाऱ्या कामगाराची डाळ बहुधा व्यापारी तत्त्वावर शिजते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रानं सांगितलं होतं की हे छोटे सिलिंडर रेशन दुकानांतून विकण्याचा विचार आहे. महाराष्ट्रात पन्नास हजारांच्या वर रेशन दुकानं आहेत आणि ती आपल्याच खात्याखाली येतात. त्यातल्या किती दुकानांत आज छोटा सिलिंडर मिळतो, हा आकडा जाहीर करा. आमच्या माहितीतल्या एकाही दुकानात मिळत नाही.

गॅस येतो कुठून, हेही आपल्याला ठाऊक नसेल असं आम्ही समजत नाही. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर घरगुती सिलिंडर साडेआठशेच्या घरात गेला, म्हणजे किलोला साठ रुपये. गल्लीत किलोला शंभर-सव्वाशेपासून पुढे घेतात. घरी जाणाऱ्या दर सिलिंडरमधून वाटेत दोन किलो काढले तर सात घरांमागे एक आख्खा सिलिंडर फुकट पडतो. हा आमचा अंदाज आहे, चुकत असेल तर खात्यानं खरा हिशेब मांडावा. डिलिव्हरीच्या वेळी मोबाईलवर आलेला चार आकडी कोड सांगितला की सिलिंडर पोहोचला हे सिद्ध होतं, भरलेला पोहोचला हे होत नाही. डिलिव्हरी करणाऱ्यानं वजनकाटा जवळ ठेवायचा असतो. तो काटा किती घरांनी पाहिला? आणि टँकरमधून होणारी चोरी? ८ ऑक्टोबर २०२३ ला पुण्याजवळच्या ताथवड्यात टँकरमधला गॅस सिलिंडरमध्ये भरताना एकापाठोपाठ सिलिंडर फुटले, शेजारी उभ्या शाळेच्या बस जळाल्या. तो टँकर काय शेगडी दुरुस्तीवाल्यानं आणला होता?

कायद्याची तर रेलचेल आहे. जीवनावश्यक वस्तू कायद्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गॅस सिलिंडर नियम २०१६ परवान्याशिवाय सिलिंडर भरू देत नाहीत, आणि ते राबवणारी पेसो ही केंद्राची स्फोटक सुरक्षा संस्था तर आपल्या नागपुरातच बसते. पण गल्लीतल्या माणसाच्या कानावर येतं ते न्याय संहितेचं कलम २८७, सहा महिने किंवा दोन हजार रुपये दंड. दोन हजार म्हणजे त्याची दोन-तीन सिलिंडरांची कमाई. पकडला जातो तोही नोझल धरणारा पोरगा. सिलिंडर पुरवणाऱ्याचं नाव पंचनाम्यात ‘अज्ञात’ असतं. या राज्यात अज्ञात इसमाइतका सुखी माणूस दुसरा कुणी नसावा.

आमचं मागणं थोडकं आहे. आमची हत्यारं परत करा. पुढच्या छाप्यात गॅस एजन्सीचा किंवा तेल कंपनीचा जाणकार माणूस सोबत द्या, त्याला नोझल आणि रेग्युलेटर वेगळे ओळखता येतील. बिनशिक्क्याच्या टाक्यांची विक्री दुकानातच थांबवा. कामगार वस्त्यांतल्या रेशन दुकानांवर पाच किलोचा सीलबंद सिलिंडर आणून ठेवा आणि त्यावरचा कर घरगुती सिलिंडराइतका करा म्हणून केंद्राला लिहा.

आपले,
शेगडी आणि रेग्युलेटर दुरुस्त करणारे काही कारागीर

ता. क. : त्या दिवशी चाळीतून जप्त केलेल्या छोट्या टाक्या पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात रचलेल्या आहेत. कृपया आजच त्या सावलीत, मोकळ्या हवेत, उभ्या ठेवायला सांगा. प्रत्येकीचं वजन करून त्यातून टाकीवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन वजा करावं. पाच किलोच्या टाकीत पाचाहून जास्त गॅस निघाला, किंवा टाकीवर वजनच कोरलेलं नसलं, तर ती बाजूला काढून तेल कंपनीच्या माणसाला बोलवावं. हवालदारांनी ती स्वतः रिकामी करायला जाऊ नये.