आत्याच्या बालवाडीविषयी, मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. आत्या गेल्याची बातमी तुला उशिरा कळली, याचे वाईट वाटून घेऊ नकोस. पहिले काही दिवस घरात माणसांची इतकी रीघ होती की कोणाला कळवले आणि कोणाला कळवायचे राहिले, याचे भान आमच्यापैकी कोणालाच उरले नव्हते. तुमच्या अध्यापक विद्यालयातल्या विद्यार्थ्यांसमोर तिच्याविषयी बोलायचे आहे, तेव्हा सविस्तर लिही, असे तू म्हणतोस. लिहितो. मात्र शोकसभेत जे ऐकले ते तुझ्या उपयोगी पडेल असे मला वाटत नाही. तिथे बोलायला उठलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तिच्या त्यागाचे वर्णन केले. तिने लग्न केले नाही, शहर सोडले, आदिवासी पाड्यांवर आयुष्य काढले, हे सगळे खरेच आहे. पण त्या पाड्यांवर ती रोज सकाळी नेमके काय करीत होती, हे एकानेही सांगितले नाही. तिला स्वतःला आपण काही सोडले असे कधी वाटल्याचे मला आठवत नाही. तिला एक अवघड काम फार चांगले येत होते, आणि ते करायला मिळाले म्हणून ती खूश होती. तुझ्या विद्यार्थ्यांना त्या कामाविषयीच कळावे.

तुला ती आठवते ती सुट्टीत आपल्याकडे येणारी, खादीच्या पिशवीतून शंखशिंपले आणि सागरगोटे काढून आपल्यापुढे मांडणारी आत्या. ते खेळणे नव्हते, तिचे शैक्षणिक साहित्य होते, हे आपल्याला पुष्कळ उशिरा समजले. विशीत असताना ती बालशिक्षणाच्या प्रशिक्षणासाठी डहाणूजवळच्या कोसबादला गेली. त्यामागे काही मोठा संकल्प होता असे नाही. घरी लग्नाची बोलणी चालू होती, ती टाळायला सरळसा मार्ग हवा होता, असे तिनेच मला हसत सांगितले होते. तेव्हा ताराबाई मोडक हयात होत्या, पण थकल्या होत्या, आणि सगळा भार अनुताई वाघांवर होता. या दोघींची पार्श्वभूमी विद्यार्थ्यांना जरूर सांग, कारण आत्या त्यांच्याच परंपरेतली. ताराबाई राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या, 1926 साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि 1945 साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तिथे त्याच वर्षी आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य, अशी त्यांची सुरुवात. पुढे शिक्षिका होऊन त्यांनी पुण्यात अनेक वर्षे शिकवले होते. 1945 हेच साल गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्या भागातल्या वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला ते. एका बाजूला जमीनदाराची वेठ नाकारणारी माणसे आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच मुलांना बालवाडीत आणू पाहणाऱ्या दोन बायका, हे दोन्ही एकाच भागात एकाच वेळी चालू होते, आणि पहिल्याशिवाय दुसरे फार पुढे गेले नसते, असे आत्याचे ठाम मत होते. पुढे पन्नाशीच्या दशकात हे केंद्र बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर हलले.

ताराबाईंपुढचा मूळ प्रश्न असा होता की मुलाने साधने हाताळत स्वतः शिकायचे ही माँटेसरी पद्धत चांगली, पण तिची साधने महाग, आणि ज्या मुलाने गुळगुळीत लाकडी ठोकळा कधी पाहिलेला नाही त्याच्यासाठी ती साधने परकीही. म्हणून बिया, शिंपले, चिंचोके, करवंट्या, बांबूचे तुकडे, पाने आणि दगड यांतून तेच शिकवायचे, जे माँटेसरीबाई रोममध्ये घडवून घेतलेल्या साधनांतून शिकवीत. आत्याने हा भाग अगदी आत्मसात केला होता. लहानमोठ्या क्रमाने दहा दगड लावायला सांगताना ती असे दगड निवडी की त्यातले दोन जवळजवळ सारखे असत, म्हणजे मुलाला हातात घेऊन वजन पाहावेच लागे. करवंट्यांत वाळू, खडे आणि बिया भरून, तोंडे बंद करून ती जोड्या बनवी आणि नुसत्या आवाजावरून जोडी ओळखायला लावी. ऐकायला हे सोपे वाटते. पण कोणत्या मुलापुढे कोणत्या दिवशी काय ठेवायचे, ते किती वेळ तसेच राहू द्यायचे आणि आपण कधी तिथून उठून जायचे, हे तिला ज्या अचूकपणे कळे, ते पाहिल्यावर मला कुशल वैद्याची नाडीपरीक्षा आठवे. मूल चुकत असताना ती बोलत नसे. साधनच असे हवे की चूक मुलाला आपोआप दिसावी, असा तिचा आग्रह होता, आणि मध्येच बोलणाऱ्या नव्या शिक्षिकेला ती वर्गाबाहेर नेऊन चांगलीच समज देई.

या सगळ्याच्या आधी मुलांना गोळा करावे लागे. सकाळी ती स्वतः पाड्यावर फिरे. कोणाचे नाक पुसायचे, कोणाचे केस विंचरायचे, कोणाची खरूज धुवायची, अंघोळ राहिली असेल तर घालायची, आणि हे सर्व करताना प्रत्येकाशी बोलत राहायचे. स्वच्छता हा शिक्षणाआधीचा उपचार आहे असे तिला वाटत नसे. तोच तिच्या लेखी दिवसाचा पहिला पाठ होता, कारण आपल्या शरीराकडे कोणीतरी लक्ष देते आहे हे मुलाला तिथेच प्रथम जाणवते. पाड्यावरच्या मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या कडेवर असे. आईबाप गवत कापायला किंवा वाडीत कामाला गेले की धाकटे भावंड सांभाळायचे काम सात-आठ वर्षांच्या मुलीकडे येई. कोसबादला यावर जो उपाय काढला गेला त्याला विकासवाडी म्हणत: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी, म्हणजे तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी मुलगी वर्गात. जी मुले गुरे घेऊन रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरे चरतात तिथेच शिक्षक जाणार. आत्याने काही काळ कुरणशाळेतही शिकवले आणि त्याच्या हकिगती ती फार रंगून सांगे. गुरे पांगली की वर्ग उठे, आणि गुरे परत येईपर्यंत शिक्षिकेने काय करावे हे कोणत्याही प्रशिक्षणात नसते, असे ती म्हणे.

बोलीबाबत ती फार कडवी होती. पाड्यावरचे मूल घरी वारली बोलते. पुस्तकातली मराठी त्याला जवळजवळ नवी भाषा असते. आत्या पहिल्या वर्षातच वारली शिकली. तिने मुलांच्या आयांकडून गाणी उतरवून घेतली आणि त्यांचीच बालगीते केली. पहिले सहा महिने मुलांकडून प्रमाण मराठीची अपेक्षाच करायची नाही, असा तिचा नियम होता. एका तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने मुले अशुद्ध बोलतात असा शेरा लिहिला, तेव्हा तिने त्याच वहीत खाली लिहिले की साहेबांना मुलांची भाषा येत नसल्यामुळे हा शेरा ग्राह्य धरता येणार नाही. त्याची प्रत तिने जपून ठेवली होती. परवा कागद आवरताना मला ती मिळाली.

अंगणवाडी हे नाव आज सगळ्या देशाला ठाऊक आहे, पण मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, हा मूळ विचार बोर्डी-कोसबादचा, हे तुझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना माहीत असेल याची मला शंका आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा आत्याला अतिशय आनंद झाला. पुढे मात्र तिचा आनंद ओसरला. पूरक आहार, लसीकरण, वजनाचे तक्ते, गरोदर बायकांच्या नोंदी, हे सर्व आवश्यकच आहे, हे ती मान्य करी. तिच्या पाड्यावर कुपोषणाने मुले दगावलेली तिने पाहिली होती, त्यामुळे खिचडीला नावे ठेवणाऱ्या शहरी पाहुण्यांचे ती मुळीच ऐकून घेत नसे. पण या कामांच्या यादीत पूर्वप्राथमिक शिक्षण नावापुरते उरले आणि सेविकेचा सारा वेळ नोंदवह्या भरण्यात जाऊ लागला, याचा तिला राग होता. त्याहून अधिक राग मानधनाचा. देशातल्या सर्वांत लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईला पगार नाही, मानधन मिळते, आणि तेही उशिरा. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला, त्या दिवशी तिने मला फोन करून ती बातमी दोनदा वाचायला लावली.

कायद्याच्या बाबतीत तिचा एक मुद्दा होता आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. राज्यघटनेच्या मूळ 45व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा उल्लेख होता. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. 2002 साली 86वी घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांतच, म्हणजे न्यायालयात हक्क म्हणून मागता न येणाऱ्या भागातच, राहिले. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 11व्या कलमानुसार तीन वर्षांपुढील मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकारला करता येईल, पण ती केलीच पाहिजे असे बंधन नाही. ज्याच्या घरी पुस्तक आहे, गोष्ट सांगणारे कोणी आहे, त्याचे मूल सहाव्या वर्षी पहिलीत बसते तेव्हा बरेच काही घेऊन आलेले असते. पाड्यावरचे मूल त्याच बाकावर रिकाम्या हाताने बसते, आणि मग दोघांना हक्क सारखाच मिळाला असे आपण म्हणतो. आत्या हे फार शांतपणे सांगे, त्यामुळे ऐकणाऱ्याला अधिक टोचे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा धरला, तेव्हा तिने ते धोरण भिंग घेऊन वाचले आणि समासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहून ठेवला: शिक्षिका कोण, आणि तिला शिकवणार कोण?

ती थोर होती, पण सोबत राहायला सोपी नव्हती, हेही तुला लिहायला हवे. पालकांनी चार वर्षांच्या मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल देऊन अक्षरे गिरवायला लावली की ती संतापे, आणि तो संताप माझ्या वहिनीनेही सोसला आहे. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांवर ती सुरुवातीला फार कठोर होती. दिवाळीनंतर मुले घेऊन जाऊ नका म्हणून त्यांच्याशी भांडे. पोटासाठी जाणाऱ्या माणसाला थांबवून चालत नाही, हे तिला हळूहळू उमगले असावे, कारण पुढे भट्ट्यांवर भोंगाशाळा, म्हणजे मजुरांच्या मुलांसाठी तिथेच भरणाऱ्या शाळा, निघाल्या तेव्हा तिने त्यांना आपले साहित्य दिले आणि तिथल्या मुलींना ते वापरायला शिकवले. अनुताई 1992 साली गेल्यावर संस्थांतल्या बैठकांना जाणे तिने जवळपास थांबवले. आपल्याला माणसे चालवता येत नाहीत, मुलेच कळतात, असे ती म्हणे, आणि त्यात विनय नव्हता, ते वस्तुस्थितीचे कथन होते.

अखेरच्या वर्षांत दृष्टी अधू झाली, तरी पाड्यावरच्या अंगणवाडीत ती जाऊन बसे. सेविका तिला कोणते मूल काय करते आहे ते सांगे आणि आत्या पुढे काय द्यायचे ते सुचवी.

आता कामाचे लिहितो. तिच्या निरीक्षणाच्या वह्या एका लोखंडी पेटीत आहेत. प्रत्येक मुलाचे पान वेगळे; ते केव्हा रडायचे थांबले, कोणत्या साधनाकडे प्रथम वळले, कोणाजवळ बसते, वारलीतून मराठीत कोणते शब्द आधी आले, असे सर्व तारखांसह लिहिले आहे. तुमच्या विद्यालयाच्या ग्रंथालयाला त्या द्याव्यात असे माझ्या मनात आहे, कारण मूल कसे पाहावे हे त्यांतून जितके शिकता येईल तितके एखाद्या पाठ्यपुस्तकातून येणार नाही. अडचण एवढीच की त्यात मुलांची नावे, घरची परिस्थिती, आजार हेही आहे, आणि ती मुले आता मोठी होऊन त्याच पाड्यांवर राहतात. त्यांना विचारल्यावाचून मूळ वह्या कोणाच्या हाती देऊ नयेत, असे मला वाटते. नावे झाकून प्रती काढता येतील, पण ते काम एकट्याने उरकणारे नाही, आणि मधली वारली गाणी मला नीट वाचताही येत नाहीत. पाऊस ओसरल्यावर चार दिवस काढून तू ये, आणि वारली जाणणारे एक-दोन विद्यार्थी तुझ्याकडे असतील तर त्यांना बरोबर आण. राहण्याची व्यवस्था आपल्याच घरी होईल. येण्याचे नक्की ठरले की कळव, म्हणजे पाड्यावरच्या सेविकाबाईंनाही मी तसे सांगून ठेवीन. कोणत्या पानावरचे मूल आज कुठे आहे, हे आता फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

आईने तुला आशीर्वाद सांगितले आहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा स्नेहांकित,
मित्र