आमच्या गेम मास्टर ताईला, जाहीर आभार

प्रिय ताई,

तुझी वही मिळाली. नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी, कुठल्या अवशेषांखाली काय गाडलंय त्याची यादी, सगळं नीट आहे. खेळाडू एकेक पात्र होऊन खेळतात आणि गेम मास्टर गोष्ट, जग नि बाकीची माणसं सांभाळते, त्या आपल्या रोलप्लेइंग गेमसाठी स्वतः उभं केलेलं अख्खं जग तू माझ्या हवाली केलंस, तेही कसलाच गाजावाजा न करता. आभार खासगीतही मानता आले असते. पण तुझ्या टेबलावर जे शिकले ते नव्याने गेम चालवायला बसणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून हे चारचौघांत.

प्राचीन जादुई वस्तूंचं जग म्हटलं की बहुतेक ठिकाणी काय होतं, ते तुला मी काय सांगू! तलवार सापडली, फाशाच्या आकड्यात दोन जास्त मिळाले, जुनी विकली, चला पुढे. थोड्याच सेशन्समध्ये, म्हणजे खेळाच्या बैठकांमध्ये, पार्टीकडे (खेळाडूंच्या टोळीकडे) भंगाराच्या दुकानाइतकी जादू साठते आणि एकाही वस्तूचं कुणाला काही वाटत नाही. तुझ्याकडे वस्तू मोजक्याच. पण प्रत्येकीला घडवणारा होता, पळवणारा होता आणि तिच्यापायी बुडालेलं एखादं राज्य होतं.

ती बिनलोलकाची काशाची घंटा घे. काठावरची अक्षरं झिजलेली, आतून मात्र एकाच जागी ठोके खाऊन खळगा पडलेला. ती वाजवली की आवाज पोचेल तेवढ्या टापूतलं एक मेलेलं माणूस एका प्रश्नाचं खरं उत्तर देणार. बदल्यात वाजवणाऱ्याला एका जिवंत माणसाचा आवाज कायमचा ऐकू येईनासा होणार, आणि कुणाचा ते फासा ठरवणार. आमच्या योद्ध्याने मेलेल्या द्वारपालाला किल्ल्याची चोरवाट विचारली. वाट मिळाली, बहिणीचा आवाज गेला. दुसरा गेम मास्टर पुढच्या सेशनला हे विसरून गेला असता. तू मात्र तेव्हापासून बहिणीचं प्रत्येक वाक्य चिठ्ठीवर लिहून त्याला सोडून बाकीच्यांच्या हातात द्यायचीस. ती काय म्हणाली हे त्याला आमच्याच तोंडून कळायचं, आणि आमच्या चोराने त्यातलं निम्मं बेधडक खोटं सांगितलं. पुढे जे भांडण पेटलं त्यापुढे तुझा ड्रॅगन अगदीच फिका पडला, खरं सांगते.

हे सगळं तुला कुठून सुचलं, ते जुने नियम वाचायला लागल्यावर उमगलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम आला १९७४ मध्ये. १९७६ च्या एल्ड्रिच विझार्ड्री या पुरवणीत वेक्ना नावाच्या दुष्ट मांत्रिकाचा हात आणि डोळा या जादुई वस्तू आल्या. तो हात वापरायचा तर आधी स्वतःचा तोडावा लागतो! १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइड या त्याच गेमच्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात तर अशा वस्तूंच्या शक्तींपुढे चक्क मोकळ्या रेघा छापल्यात, ज्याच्या त्याच्या गेम मास्टरने भरायला. म्हणजे नियमांचं पुस्तक पाठ करून आलेल्या खेळाडूलाही समोरची वस्तू काय करेल ते कळू नये. आणि १९९३ च्या अर्थडॉन या दुसऱ्या गेममध्ये वस्तूचं नाव, तिचा कर्ता, तिच्या हातून घडलेलं काही, असं एकेक शोधून काढल्याशिवाय तिची पुढची शक्ती जागीच होत नाही. घंटेवरची अक्षरं वाचून घ्यायला तू आम्हाला तीन राज्यं का पालथी घालायला लावलीस, ते आता कळतंय.

तुझ्या वहीतही तशाच रेघा आहेत. 'लोलक कुठे आहे' असं लिहून पुढची अर्धी ओळ कोरी. आधी वाटलं, राहून गेलं असेल. मग आरशाच्या पानावर, बुडालेल्या राजाच्या मुकुटापाशी, सगळीकडे एकेक जागा अशीच मोकळी दिसली. यासाठी सगळ्यात जास्त आभार. भरगच्च वही दिली असतीस तर प्रत्येक सेशनला 'ताईने काय केलं असतं' म्हणत पानं उलटत बसले असते.

तेरा महिन्यांचं ते पंचांग मात्र मी काढून टाकतेय. रागावू नकोस, ते तुझ्याशिवाय कुणालाच कधी कळलं नाही.

आणि आता खेळाडू म्हणून ये. पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर बनव, फासे तुझे तू आण. लोलकाची रेघ मी भरली आहे. विचारलंस तरी सांगणार नाही.

तुझी,
पार्टीतली चेटकीण