‘हलका क्लास’ म्हणणं थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत प्रोग्रॅमिंगवर लिहिणारे बरेच जण ‘स्ट्रक्ट म्हणजे हलका क्लास’ असं एका ओळीत उरकतात. (दोन्ही म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारे साचे. पण स्ट्रक्ट दुसरीकडे दिला की त्याची प्रत होते, क्लासच्या वस्तूचा फक्त पत्ता जातो.) शिकवत होतो तेव्हा मीही हीच ओळ फळ्यावर लिहीत असे. मला ती भोवली, म्हणून हे पत्र.

सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत मी ‘खाते’ नावाचा स्ट्रक्ट केला होता. आत शिल्लक आणि रक्कम भरणारी ‘जमा’ ही मेथड, म्हणजे त्याला सांगता येणारं काम. चाळीस खात्यांची लिस्ट, तिच्यावर फॉरईच (एकेक खातं घेऊन तेच काम करणारा लूप), प्रत्येक खात्यात शंभर जमा. एरर नाही, वॉर्निंग नाही. छापून पाहिलं तर चाळीसच्या चाळीस शिल्लका शून्य! दोन तास मी ‘जमा’ तपासत बसलो. बेरीज बरोबरच होती, फक्त भलत्याच खात्यात होत होती. फॉरईच दर फेरीला मूल्याची प्रत हातात देतो. शंभर त्या प्रतीत पडले आणि प्रतीबरोबर गेले.

याच लूपमध्ये शिल्लक थेट बदलायला जा, कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम) लगेच अडवतो. तेच काम मेथडकडून करवून घेतलं की हूं की चूं नाही! इंडेक्स, म्हणजे घटकाचा क्रमांक, वापरूनही सुटका होईलच असं नाही. ॲरेत (ठरावीक लांबीच्या यादीत) इंडेक्सने मूळ जागाच मिळते, म्हणून ‘जमा’ नीट चालते. लिस्टचा इंडेक्सर मात्र पुन्हा प्रतच देतो. ॲरेवर शिकलेला विद्यार्थी इथे हमखास फसतो.

दुसरा फटका मी स्वतःच ओढवून घेतला. लिस्टचा इन्युमरेटर, म्हणजे तिच्यातून एकेक घटक देत पुढे सरकणारा, हाही आतून बदलणारा स्ट्रक्ट आहे. हीपवर (क्लासच्या वस्तू जिथे राहतात त्या भागात) वेगळी मेमरी लागू नये म्हणून तसा ठेवलेला. तो मी एका फील्डमध्ये (क्लासच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये) ठेवला होता आणि शिस्त म्हणून त्या फील्डला रीडओन्ली, म्हणजे ‘बदलू नये’ अशी खूण, लावलं. त्यानंतर मूळ बदलू नये म्हणून प्रत्येक ‘मूव्हनेक्स्ट’ (पुढच्या घटकावर नेणारी त्याची मेथड) नव्या प्रतीवर चालू लागला. मूळ इन्युमरेटर जागचा हलेना, लूप संपेना, पडद्यावर शून्यांची रांग. (शिस्तीचं असं फळ मला आधी कधी मिळालं नव्हतं.)

हा एकट्या सी शार्पचा दोष नव्हे. गो भाषेतही स्ट्रक्टच्या स्लाइसवर (तिथल्या यादीवर) रेंज (तिथला फॉरईच) लावली की प्रतच येते. 2024 च्या 1.22 आवृत्तीत लूपचं व्हेरिएबल दर फेरीला नवं झालं, त्याने क्लोजरचा (बाहेरचं व्हेरिएबल धरून ठेवणाऱ्या फंक्शनचा) जुना घोळ मिटला. प्रतीचा आहे तसाच आहे.

आपल्या लेखकांना विनंती एवढीच, की स्ट्रक्टचं उदाहरण देताना तो रीडओन्लीच दाखवा. सी शार्प 7.2 पासून ती सोय आहे. ‘जमा’ने नवं खातं परत द्यावं आणि ते इंडेक्सने लिस्टमध्ये पुन्हा ठेवावं. ओळ लांबते खरी, पण पैसे कुठे गेले ते त्या ओळीतच दिसतं.

आपला,
एक निवृत्त प्रोग्रॅमिंग शिक्षक