धागा आला, पण तो रेझिनला धरत नाही त्याचं काय?

मा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री, नवी दिल्ली यांस,

सप्रेम नमस्कार.

भोसरीत माझं छोटं युनिट आहे, ड्रोनसाठी कार्बन फायबरच्या नळ्या बनवतो. मागच्या महिन्यात अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला. तुटलेली कड भिंगाखाली धरली, तर तंतू स्वच्छ, कोरडे. एपॉक्सीचा, म्हणजे तंतूंना एकत्र बांधणाऱ्या रेझिनचा, कण चिकटलेला नाही. थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटत होते.

हा तंतू 7 मायक्रॉनचा. भट्टीतून निघाल्यावर तो रेझिनला नीट धरत नाही. म्हणून त्याला विद्युत-रासायनिक बाथमधून काढून पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट बसवतात, वर साधारण एक टक्का सायझिंग, म्हणजे रेझिनशी जुळणारा पातळ लेप, चढवतात. तेही एपॉक्सीला वेगळं, व्हिनाइल एस्टर या दुसऱ्या रेझिनला वेगळं. इथे चूक झाली की 3,500 मेगापास्कलचा धागा असूनही भार रेझिनमधून तंतूंत पोचतच नाही. माझ्या बिलावर फक्त '12के' लिहिलंय, म्हणजे एका धाग्यात 12,000 तंतू. सायझिंग कोणतं, ते व्यापाऱ्यालाच माहीत नाही.

धागा रेझिनला धरतो का, याची चाचणी अवघड नाही हो! आखूड पट्टी दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध दाबून मोडायची. आमच्या औद्योगिक भागातच या चाचणीचं केंद्र काढू, असा शब्द एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी भर बैठकीत दिला होता. आता विचारलं की 'विचाराधीन'. तोवर बँकेचे हप्ते थकले, घर गहाण पडलं. ले-अपला, म्हणजे धाग्याचे थर रचायला, हात बसलेली दोन पोरं मला घरी पाठवावी लागली. त्यांच्या आईवडिलांना मी काय सांगू?

2020 मध्ये तांत्रिक वस्त्रांच्या राष्ट्रीय मिशनला 1,480 कोटी मंजूर झाले. त्यातले 1,000 कोटी संशोधनासाठी, आणि त्यात कार्बन फायबरचं नाव होतं. बडोद्याजवळ 2010 साली एनएएल या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर देशी धाग्याचा कारखाना उभा राहिला, तो कर्जात बुडाला. कुणी जाब विचारला? शास्त्रज्ञ धागा बनवतात, उद्घाटनं होतात, आणि आम्ही बाहेरून येईल तो माल डोळे मिटून घेतो. या देशात फीत कापायला सगळे येतात, लॉट फसला की कुणी फोनही उचलत नाही.

आयात धाग्याच्या प्रत्येक बॉबिनवर सायझिंगचा प्रकार आणि टक्का छापणं सक्तीचं करा. चाचणी केंद्राची तारीख लेखी द्या. 'विचाराधीन' हे उत्तर मी बँकेला दाखवू शकत नाही.

आपला,
भोसरीतील एक लघुउद्योजक