नोटीस मी घेतली, म्हणून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एवढा चढला होतास की मी गप्प बसलो. शिवाय आई शेजारीच उभी होती. छकुलीच्या आईने तिच्या पोटगीसाठी तुझ्यावर केलेल्या अर्जाची नोटीस मी का घेतली, हेच तू पुन्हा पुन्हा विचारत होतास. अरे, न घेऊन काय झालं असतं? बेलिफ परत गेला असता, पुढच्या खेपेला येऊन दारावर डकवून गेला असता आणि बजावणी झाली असंच कोर्टाने धरलं असतं. वर जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचली असती ती वेगळीच. माझी उभी हयात कोर्टाच्या टेबलावर गेली. ‘घरी इसम मिळून आला नाही’ हा शेरा किती पाकिटांवर वाचला असेन, पण त्याने कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही.

कज्जा कुणाचा बरोबर, कुणाचा चूक, यात मला पडायचं नाही. मला एकच सांगायचं आहे. प्रतिज्ञापत्रात खरं लिही.

‘पगार निम्मा दाखवतो, उरलेला हातात घेतो, साहेब तयार आहेत,’ असं तू म्हणालास तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला. हे तुझ्या त्या वकील मित्राचंच डोकं असणार. त्याला सांग, जमाना बदलला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगून ठेवलंय की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, देणी सगळं ठरलेल्या नमुन्यात शपथेवर मांडायचं. पगार, बँकेची खाती, आयकराची विवरणपत्रं, हप्ते, विमा, शेअर, सगळं. तुझ्या गाडीचा हप्ता खात्यातून जातो ना? मग निम्म्या पगारात तो कसा भागतो, हे समोरची वकीलबाई पहिल्याच तारखेला विचारेल. आणि शपथेवर खोटं सापडलं की मूळ भांडण राहतं बाजूला आणि तूच आरोपी होतोस.

नोटिशीबरोबर छकुलीच्या आईचाही तसाच कागद आहे. तिने स्वतःचा पगार जसाच्या तसा लिहिलाय. तू म्हणतोस, ‘ती कमावते, मग मी का देऊ?’ त्याच निकालात याचंही उत्तर आहे. मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर दोघांत प्रमाणात वाटता येतो. वाटता येतो म्हणजे तुझा वाटा शून्य होत नाही. तुला वाटा कमी करून हवा असेल तर तसं माग, त्यात लाज नाही. पण मागायचं ते खऱ्या आकड्यावर.

त्या अर्जात महिन्याच्या खर्चाचा तक्ता जोडलाय. मी चष्मा लावून सगळा वाचला. शाळेची फी, बस, वह्या, दाताचे डॉक्टर. सातव्या ओळीत ‘चष्मा व नंबर तपासणी’. छकुलीला चष्मा लागलाय, बाळा. मला ते कोर्टाच्या कागदावरून कळलं. तुला माहीत होतं का? आईला अजून सांगितलेलं नाही.

तू ‘फुकटचा वकील घेतलाय’ म्हणून हसलास, ते मला आवडलं नाही. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या बाराव्या कलमात बाई आणि मूल यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तो तिचा हक्क आहे, भीक नव्हे. आमच्याच कोर्टाच्या इमारतीत तळमजल्यावर प्राधिकरणाची खोली होती. तिथल्या पॅनेलवरच्या काही वकिलांची तयारी मोठमोठ्या फी घेणाऱ्यांना घाम फोडेल अशी असायची. (काहींची नव्हती, तेही खरं.) तुलाही सल्ला हवा असेल तर 15100 हा त्यांचा क्रमांक आहे. पुरुषाला मोफत वकिलासाठी साधारणपणे उत्पन्नाची अट असते, तुझा पगार बघता तू तीत बसणार नाहीस, पण वाट तरी कळेल. माझं ऐकशील तर वकील बदल. तुझी बाजू मांडणारा वकील वेगळा, तुला लबाडी शिकवणारा वेगळा.

आणखी एक. ‘मुलीला भेटू देत नाहीत, तर मी पैसे देणार नाही.’ हे तर मी दर आठवड्याला ऐकायचो, आता पोटच्या पोराकडून ऐकलं. ही दोन प्रकरणं वेगळी आहेत रे. भेटीसाठी तू वेगळा अर्ज कर, पालक व पाल्य कायदा 1890 पासून आहेच. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर बसून भेटीचे वार ठरवून घे. पण भेट मिळत नाही म्हणून तिची फी अडवलीस तर न्यायाधीश तुझा भेटीचा अर्ज कुठल्या नजरेने वाचतील?

आणि तारखा वाढवून घेऊ नकोस. पोटगी मंजूर होते ती साधारण अर्जाच्या तारखेपासून. तू लांबवशील तेवढी बाकी साठेल. बाकी थकली की वॉरंट. भरली नाही तर थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत बसून आलं म्हणून देणं फिटत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125 कलम होतं, जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं, आकडा बदलला, मतलब तोच. पगार खरोखर कमी झाला तर 146 खाली रक्कम कमी करून मागता येते. म्हणजे खरं बोलणाऱ्याला रस्ता आहे. खोटं लिहिणाऱ्याने तो बंद करून घेतलेला असतो.

पाहिलंस, पुन्हा तिथेच आलो. आणि कलमंही मोजायला लागलो. आई म्हणते ते बरोबर आहे, तुम्ही घरातसुद्धा बोर्ड चालवता. रागावू नकोस.

एक प्रसंग मात्र सांगतोच. एका गृहस्थाने थकबाकी भरायला आणली ती चिल्लर. दोन पिशव्या भरून. बायकोला मोजत बसवायची, एवढाच हेतू. साहेबांनी सांगितलं, इथेच मोजा, तुम्हीच मोजा. माझ्या टेबलाशेजारी बसवला त्याला. त्याचा मुलगा असेल सहा-सात वर्षांचा, आईचा हात सोडून आला आणि बापाशेजारी मांडी घालून नाणी रचायला लागला. दहा-दहाची चवड, ओळीने. त्याला वाटलं बाबा खेळताहेत. चवड पुरी झाली की वर बघायचा, बाबा शाबासकी देतात का. ते गृहस्थ काही त्याच्याकडे बघेनात. मला तेव्हा घरी येऊन तुला उठवावंसं वाटलं होतं. तू झोपला होतास, दुसऱ्या दिवशी तुझा पेपर होता.

त्याच सुमारास तुझ्या गणिताच्या पेपरात बेरीज चुकून चार मार्क जास्त पडले होते. तू आपणहून बाईंना जाऊन सांगितलंस आणि वर्गात दुसऱ्यावर आलास. आईने तुला खुळा म्हटलं. मी काही बोललो नाही, पण ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. अजून कुणी भेटलं की विचारतात, मार्क परत देणारा मुलगा काय करतो? त्यांना मी काय सांगू?

तू वाईट बाप आहेस असं मला कधीच वाटलेलं नाही. छकुली तान्ही असताना रात्र रात्र तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारा तूच होतास. मोबाइलवर बघून वेणी घालायला शिकलास, ती तिरकी व्हायची आणि ती तशीच शाळेत जायची. आत्याकडच्या लग्नात तू आणि तिची आई एकमेकांना जे बोललात ते मीही ऐकलंय. तुझ्या मनात काय साचलंय ते मला कळतं. ते त्या नमुन्यातल्या रकान्यांत भरू नकोस, एवढंच.

आतापासून दर महिन्याला काहीतरी रक्कम तिच्या आईच्या खात्यावर टाकायला लाग, कोर्टाने सांगायची वाट बघू नकोस. बँकेतूनच टाक, रोख नको. हाती दिलेल्या पैशाला पुरावा नसतो. सायकल दिलीस ते छान केलंस, पण सायकल म्हणजे पोटगी नव्हे. आणि एकरकमी देऊन ‘यापुढे काही मागणार नाही’ अशी सही घेण्याचा विचार असेल तर सोड. तिच्या आईने सही केली म्हणून लेकराचा हक्क संपत नाही.

तारीख पुढच्या महिन्याच्या नऊला आहे. सकाळी साडेदहाच्या आत पोच, पुकाऱ्याला हजर नसलास तर एकतर्फी जाईल. मी येईन. तुझ्या बाजूने की तिच्या, असं विचारू नकोस. बाकावर बसेन. प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा आधी मला दाखव, इंग्रजीत असला तरी चालेल.

तुझे
बाबा

ता. क. नोटिशीच्या प्रतीत चौथं पान फिकट आलंय, खर्चाचा तक्ता नीट दिसत नाही. मी रकमा पेन्सिलने वर उतरवून ठेवल्यात. मूळ प्रत पोस्टाने पाठवू की तू रविवारी येतोस?