रविवारची बैठक: गाणी नकोत, पार्श्वसंगीत आणा

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला वाचनालयाच्या वरच्या खोलीत आपली बैठक आहे. या वेळचा विषय आहे पडद्यावर कुणीही गात नसताना वाजणारं संगीत.

- प्रत्येकी एकच तुकडा, जास्तीत जास्त चार मिनिटांचा. मागच्या खेपेला एकाने अख्खी ध्वनिमुद्रिका ऐकवली आणि चहा गार झाला. (तो मीच होतो. या वेळी घड्याळ दुसऱ्याच्या हातात असेल.)
- तुकडा मोबाइलवर उतरवून आणा, वर रेंज येत नाही.
- आधी ऐकवायचं, चित्रपटाचं नाव मागाहून. ओळखू द्या लोकांना!
- 'सैराट' आणणार असाल तर अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंद ऐकवा. 'झिंगाट'वर नाचायला खोलीत जागा नाही.

सुरुवात मी करेन, 'सायको' या थरारपटापासून (१९६०). संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी त्यात फक्त तंतुवाद्यं वापरली. ना बासरी, ना ड्रम. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको, असं दिग्दर्शक हिचकॉक यांचं मत होतं. हरमन यांनी तरीही ते लिहिलं आणि ऐकल्यावर दिग्दर्शकाने मत बदललं. व्हायोलिनच्या त्या किंकाळ्यांशिवाय तो प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवेन, मग आवाजासकट. फरक तुम्हीच सांगा.

त्यानंतर 'पथेर पांचाली'तली रविशंकर यांची सतार. ती कोण आणतंय?

नावं शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा. बाराच जणांना वेळ मिळेल. नुसतं ऐकायला येणाऱ्यांनी नाव दिलं नाही तरी चालेल, पण चहासाठी आकडा लागतो, तेवढं सांगा.